अपुऱ्या दिवसांचे मूल आणि त्याची दृष्टी



मनुष्याने रोगावर मिळवलेल्या विजयांच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला, पटकीची दहशत ओसरली, क्षयावर औषध सापडले. परंतु वैद्यकाच्या इतिहासात काही प्रकरणे अशीही आहेत की, ज्यांतला रोग माणसाच्या दयाबुद्धीच्या पाठोपाठ आला. आज ज्या विकाराविषयी मी बोलणार आहे, तो या जातीचा आहे. त्याचे वैद्यकीय नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात आर. ओ. पी. म्हणतात. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या मुलाच्या डोळ्यांतील आतल्या पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा, हा विकार आहे. तो वेळीच ओळखला तर बहुतेक मुलांची दृष्टी वाचवता येते. वेळ टळली तर काही आठवड्यांत कायमचे अंधत्व येऊ शकते. मी वैद्य नव्हे, शाळेत शिकवणारा माणूस आहे. तथापि ज्या मुलाचे नाव सहा वर्षांनी आमच्या हजेरीपटावर यावयाचे, त्याने फळा पाहावा की नाही हे त्याच्या आयुष्याच्या पहिल्या महिन्यात ठरत असेल, तर शिक्षकालाही त्याची माहिती असली पाहिजे.

आपल्याकडे 'सातमासी' हा शब्द घरोघर ठाऊक आहे. असे मूल जन्मले म्हणजे त्याला कापसात गुंडाळावे, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटती ठेवावी, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दूध पाजावे आणि बाकीचे दैवावर सोडावे, अशी रीत होती. त्यातले काही जगत, पुष्कळसे जात. युरोपातही स्थिती फारशी निराळी नव्हती. पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले आणि तशीच ऊब माणसाच्या अर्भकाला का देऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यातून 1880 साली पॅरिसच्या प्रसूतिगृहात काचपेटी आली. दोन किलोहून कमी वजनाच्या मुलांत पूर्वी शेकडा 66 मृत्यू होत. ते शेकडा 38 वर आले, अशी नोंद आहे. एका साध्या उबेने एवढा फरक पडला. पुढे विसाव्या शतकात या पेटीत नळीने प्राणवायू सोडण्याची सोय झाली. निळे पडलेले मूल डोळ्यांदेखत गुलाबी होऊ लागले. मग प्राणवायू जितका अधिक तितका बरा, असे सर्वांना वाटू लागले तर त्यात नवल नाही. आपल्या भाषेत तर त्या वायूचे नावच प्राणाशी जोडलेले आहे.

1942 साली अमेरिकेतील बॉस्टन येथील नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. फार लवकर जन्मलेल्या काही मुलांच्या डोळ्यांत, भिंगाच्या मागे, पांढुरका तंतुमय पडदा तयार झालेला त्यांना आढळला. मुले आंधळी झाली होती. पाहता पाहता असे रुग्ण शेकड्यांनी सापडू लागले. टेरी 1946 साली निवर्तले. आपण वर्णन केलेल्या रोगाचे कारण त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. पुढच्या काही वर्षांत जगभर सुमारे 10,000 मुलांची दृष्टी या रोगाने हिरावून घेतली, असा अंदाज आहे. त्यांतली बरीचशी अमेरिकेतील होती. सुप्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर हे 1950 साली जन्मलेले अशांपैकीच एक.

या रोगाचे एक लक्षण बुचकळ्यात टाकणारे होते. इतर रोग दारिद्र्याच्या मागोमाग जातात. हा मात्र उत्तम रुग्णालयांत, अद्ययावत काचपेट्यांत, चोवीस तास देखरेखीखाली असलेल्या मुलांना गाठत होता. साध्या रुग्णालयांत तो विरळा होता. जीवनसत्त्वे कमी पडतात काय, लोह जास्त होते काय, प्रकाश बाधतो काय, दूध मानवत नाही काय, अशा अनेक शंका घेतल्या गेल्या आणि एकामागून एक सोडून द्याव्या लागल्या.

उत्तराची पहिली खूण ऑस्ट्रेलियात मिळाली. मेलबर्न येथील बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी 1951 साली निरनिराळ्या ठिकाणी सांभाळलेल्या मुलांची तुलना केली. जेथे प्राणवायू सढळ हाताने दिला जात होता, तेथे शेकडा सुमारे 19 मुलांना हा विकार झाला होता; जेथे तो बेताने दिला जात होता, तेथे शेकडा सुमारे 7 मुलांना. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मेरी क्रॉस यांनीही प्राणवायूकडे बोट दाखवले. इंग्लंडमध्ये हा रोग आधी क्वचित दिसे. 1948 साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, रुग्णालयांना नवी उपकरणे मिळाली, आणि रोग वाढला. गरिबाच्या मुलालाही उत्तम सेवा मिळावी या हेतूने उचललेल्या पावलाबरोबर अंधत्वही घरात शिरले. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण तिचा आपल्याशी संबंध पुढे येणार आहे.

वॉशिंग्टनमध्ये आर्नल पॅट्झ या तरुण डॉक्टरांनी काही मुलांना भरपूर आणि काहींना मोजका प्राणवायू देऊन निरीक्षण आरंभले. तेव्हा रात्रपाळीच्या परिचारिका मोजका प्राणवायू मिळणाऱ्या मुलांची नळी गुपचूप मोठी करीत. मुलाला श्वासावाचून ठेवणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. त्यांना दोष कोण देईल? लंडनमध्ये नॉर्मन अ‍ॅश्टन यांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग करून प्राणवायूचा परिणाम प्रत्यक्ष दाखवून दिला. अखेर 1953 साली अमेरिकेतील 18 रुग्णालयांनी एकत्र येऊन पद्धतशीर चाचणी घेतली आणि 1954 साली निर्णय जाहीर झाला: गरजेपेक्षा अधिक प्राणवायू हेच मुख्य कारण. रोगाचे वर्णन झाल्यापासून कारण निश्चित होईपर्यंत बारा वर्षे गेली होती.

हे घडते कसे, ते समजून घेणे कठीण नाही. गर्भाच्या डोळ्यातील रक्तवाहिन्या चौथ्या महिन्याच्या सुमारास पडद्याच्या मध्यभागाकडून कडेकडे वाढू लागतात आणि दिवस भरता भरता कडेपर्यंत पोहोचतात. ज्याप्रमाणे नव्या मळ्यात पाट खणत खणत शेवटच्या वाफ्यापर्यंत न्यावा लागतो, त्याप्रमाणेच हे आहे. मूल सातव्या महिन्यात जन्मले तर पाट अर्धवट राहिलेला असतो. त्यात बाहेरून प्राणवायूचा पूर आला की, पाटाची गरजच उरली नाही असे समजून वाढ थांबते. पुढे पडदा वाढतो, त्याची भूक वाढते, आणि कडेच्या कोरड्या भागातून रक्तासाठी हाक उठते. मग वाहिन्या घाईघाईने, वेड्यावाकड्या आणि नाजूक अशा फुटतात. त्या पाझरतात, त्यांचे व्रण होतात, आणि व्रण आकसला की तो पडद्याला ओढून भिंतीपासून सुटा करतो. पडदा सुटला की दृष्टी गेली.

1954 च्या निर्णयानंतर प्राणवायूवर कडक मर्यादा आली आणि अंधत्व झपाट्याने घटले. कथा येथे संपली असती तर किती बरे झाले असते! परंतु ज्या मुलांची फुप्फुसे कच्ची होती, त्यांना आता प्राणवायू अपुरा पडू लागला. काही दगावली, काहींच्या मेंदूला इजा पोहोचली. केनेथ क्रॉस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1973 साली एक हिशेब मांडला: एका मुलाची दृष्टी वाचवण्यासाठी सुमारे 16 मुलांचे प्राण गेले असावेत. हा अंदाजच होता; परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. केवळ नळी लहान करून हा प्रश्न सुटणारा नव्हता. पुढे रक्तातील प्राणवायू बोटाला चिमटा लावून मोजण्याचे साधन आले. त्याचे मूळ ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने 1974 साली घातले. तरीही नेमकी सीमा कोणती, हा प्रश्न पुरता मिटला नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत प्राणवायूचे प्रमाण खालच्या मर्यादेत ठेवलेल्या मुलांचे डोळे अधिक सुरक्षित राहिले, पण त्यांत मृत्यू अधिक झाले. एका पारड्यात प्राण आणि दुसऱ्यात दृष्टी, असा हा तराजू आहे.

तेव्हा उरला मार्ग तपासणीचा. प्राण वाचवण्यासाठी जे द्यावे लागते ते द्यावे, आणि डोळ्यांवर पहारा ठेवावा. पहारा उपयोगी ठरण्यास उपाय हवा. तो हळूहळू सापडला. जपानमधील नागाता यांनी 1968 साली प्रखर प्रकाशझोताने पडद्याचा कडेचा भाग डागून रोग थोपवल्याचे नोंदवले. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांच्या चाचणीत अतिशीत उपचाराने वाईट परिणाम जवळजवळ निम्म्यावर आले, हे 1988 साली सिद्ध झाले. नंतर लेसर आला, आणि उपचार आणखी लवकर केल्यास लाभ अधिक होतो, हे 2003 साली दिसून आले. आता काही मुलांना डोळ्यात इंजेक्शनही देतात. परंतु या सर्व उपायांना एक अट आहे. रोग ठरावीक पायरीवर पोहोचला की दोनतीन दिवसांत उपचार झाला पाहिजे. त्याआधी मूल रडत नाही, डोळा लाल होत नाही, पू येत नाही. बाहुली पांढरी दिसू लागते तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. आईला किंवा आजीला नुसत्या डोळ्यांनी हा रोग दिसत नाही. तो शोधण्यास बाहुली मोठी करणारे थेंब घालून, प्रशिक्षित माणसाने, योग्य साधनाने आत पाहावे लागते. काम काही मिनिटांचे असते. पण ते योग्य तारखेला व्हावे लागते.

आता आपल्या देशाकडे येऊ. लंडनच्या क्लेअर गिल्बर्ट यांनी 1997 साली एका लेखात दाखवून दिले की, या अंधत्वाची नवी लाट मध्यम उत्पन्नाच्या देशांत उसळत आहे. कारण उघड आहे. अतिगरीब देशात अशी मुले जगतच नाहीत. श्रीमंत देशात ती जगतात आणि तपासलीही जातात. मधल्या पायरीवरच्या देशांत काचपेटी आधी पोहोचते, डोळे तपासणारा नंतर. भारतात जिल्हा पातळीवरील पहिला विशेष नवजात कक्ष 2003 साली पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे निघाला. त्यानंतर असे कक्ष देशभर शेकड्यांनी झाले. ही मोठीच पुण्याई आहे. पण इंग्लंडमध्ये 1948 नंतर जे घडले, त्याचा धडा विसरून चालणार नाही.

आपल्या देशाला स्वतःचे नियमही करावे लागले. अमेरिकेत साधारण दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांची तपासणी पुरेशी मानली जाते. भारतात त्याहून वजनदार मुलांनाही हा विकार होतो, असे डॉक्टरांना आढळले. म्हणून येथील नियम असा झाला: जन्मवजन 2,000 ग्रॅमपेक्षा कमी असेल, किंवा मूल 34 आठवड्यांपूर्वी जन्मले असेल, तर त्याचे डोळे जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासावे. 28 आठवड्यांपूर्वीचे किंवा 1,200 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे मूल असेल, तर दोनतीन आठवड्यांतच. 34 ते 36 आठवड्यांचे मूल फार आजारी पडले असेल, तर डॉक्टर त्याचीही तपासणी सांगतात. 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, त्याच्या आजारांच्या यादीत या विकाराचे नाव आहे. आणि 1 जुलै 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती जगदीशसिंग खेहर व न्यायमूर्ती शरद बोबडे यांच्या पीठाने, 1996 साली तामिळनाडूत अकाली जन्मलेल्या आणि वेळीच न तपासल्यामुळे अंध झालेल्या एका मुलीस एक कोटी रुपयांहून अधिक भरपाई देवविली. ही तपासणी उपकार नसून कर्तव्य आहे, हे त्या दिवशी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने सांगितले.

परंतु तपासणारे नेत्रतज्ज्ञ मोजके, तेही मोठ्या शहरांत. खेड्यांतल्या मुलांनी करावे काय? याचे एक उत्तर आपल्या कर्नाटकात निघाले. बेंगळूरच्या नारायण नेत्रालयातील डॉ. आनंद विनेकर यांनी 2008 साली 'किड्रॉप' ही योजना सुरू केली. डॉक्टरऐवजी प्रशिक्षित तंत्रज्ञ मोटारीत कॅमेरा घालून ठरलेल्या दिवशी गावोगावच्या नवजात कक्षांत जातात, मुलाच्या पडद्याची छायाचित्रे घेतात आणि ती संगणकजालाने तज्ज्ञाकडे पाठवतात. तंत्रज्ञ स्वतःही प्राथमिक वर्गवारी करतात: तांबड्या गटातील मुलाला तातडीचा उपचार, नारिंगी गटातील मुलाची पुन्हा तपासणी, हिरव्या गटातील मुलाला निरोप. तज्ज्ञ दूर बसूनही फोनवर चित्र पाहून निर्णय देतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या सहकार्याने ही योजना उत्तर कर्नाटकातील जिल्ह्यांतही गेली. पुढे बेंगळूरच्याच एका कंपनीने याच कामासाठी परदेशी यंत्रापेक्षा स्वस्त असा स्वदेशी कॅमेराही बनवला. तज्ज्ञाला गावोगाव नेण्याऐवजी चित्र तज्ज्ञाकडे नेले, ही या योजनेतली मोलाची कल्पना.

तथापि यंत्र नवजात कक्षापर्यंत येते. कक्षातून घरी गेलेल्या मुलाच्या उंबरठ्यापर्यंत ते येत नाही. येथे आमच्या जोयडा तालुक्याचा विचार करावासा वाटतो. हा पूर्वीचा सुपे तालुका. काळी नदीवरच्या धरणात जुने सुपे गाव बुडाले आणि कचेऱ्या जोयड्यास आल्या. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळे मराठी आणि कोंकणी येथे घरच्याच भाषा. जंगल दाट, वस्ती विरळ. कुणबी बांधवांच्या वाड्या डोंगराच्या कुशीत एकमेकींपासून दूर वसलेल्या आहेत. अवघडलेल्या बाईला कारवार, बेळगाव किंवा हुबळीपर्यंत न्यावे लागले, तर तो एक प्रवासच असतो. अणशी घाटात दरड कोसळून कारवारचा रस्ता बंद पडल्याचेही प्रसंग आले आहेत. अशा वाडीतले सातमासी मूल पूर्वी कापसात जगले तर जगले. आज रुग्णवाहिका आहे, मोठ्या शहरात काचपेटी आहे. मूल वाचते, अडीचतीन आठवड्यांनी घरी येते, घरात आनंद होतो. आणि नेमका याच वेळी त्याच्या डोळ्यांच्या धोक्याचा काळ सुरू होतो.

त्यात आपली एक रूढी आड येते. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, असे आपण मानतो. ही रूढी वाईट नाही. तिने कित्येक बाळंतिणींना विश्रांती दिली आहे आणि तान्ह्या मुलांना गर्दीच्या रोगांपासून दूर ठेवले आहे. परंतु तपासणीची मुदत तीस दिवसांची आणि रूढीची मुदत सव्वा महिन्याची. सव्वा महिना पुरा करून निघालेली आई रुग्णालयात पोहोचेल, तेव्हा तारीख उलटून गेलेली असेल. पूर्ण दिवसांच्या, निरोगी मुलाकरिता ही रीत खुशाल पाळावी. अपुऱ्या दिवसांच्या मुलासाठी ती एक दिवस मोडली, तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईने त्यास आपणहून संमती द्यावी. सुनेने तोंड उघडण्याची वाट पाहू नये.

या कामी आपल्या गावात एक माणूस आहे. आशा कार्यकर्ती तान्ह्या मुलाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. ही भेटींची योजना 2011 पासून चालू आहे. मूल अपुऱ्या दिवसांचे असेल तर यांतल्या चौदाव्या किंवा एकविसाव्या दिवशीच एक प्रश्न विचारला जावा: डोळे तपासले का? अठ्ठाविसाव्या दिवशी विचारल्यास हातात दोनच दिवस उरतात, आणि आमच्याकडे पावसाळ्यात दोन दिवस रस्ता मोकळा होण्यातही जातात. घरच्यांनी करावयाचे ते इतकेच. रुग्णालयातून निघताना मिळालेल्या कागदावर मुलाचे वजन आणि जन्माचे आठवडे पाहावे. वजन दोन किलोच्या आत किंवा आठवडे 34 च्या आत असतील, तर तपासणी कोठे आणि कोणत्या तारखेला, हे तेथेच विचारून घ्यावे आणि ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून ठेवावी. एक तपासणी झाली म्हणजे काम संपले असेही समजू नये; डॉक्टर पुन्हा बोलावतील, आणि रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोहोचल्या असे त्यांनी सांगेपर्यंत जात राहावे.

पॅरिसच्या काचपेटीपासून आजपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षे झाली. या दीडशे वर्षांत मूल जगवण्याची विद्या माणसाने मोठ्या कष्टाने मिळवली, आणि त्या विद्येची किंमत दहा हजार मुलांनी आपल्या डोळ्यांनी भरली, तेव्हा कोठे हे ज्ञान आपल्या हाती आले. ते ज्ञान मेलबर्न, वॉशिंग्टन, लंडन आणि बेंगळूर अशी वाट चालत आलेले आहे. शेवटचा टप्पा रुग्णालयापासून डिगीच्या किंवा कुंभारवाड्याच्या एखाद्या घरापर्यंतचा आहे, आणि तो कोणत्याही संशोधकाने चालावयाचा नाही. तो आईबापांनी, आजीने, आशाताईने आणि आपण शेजाऱ्यांनी चालावयाचा आहे. ज्या मुलाला आपण प्राण दिले, त्याला दृष्टी राखून देणे हा त्याच देण्याचा उरलेला भाग आहे. तो तीस दिवसांच्या आत चुकता करावा.